अकरा नंबरची शेवटची कुपी

मित्रांनो, तुम्ही धडधाकट असता तेव्हा तुमच्या शरीरात जेवढी ऊब असते, तेवढी ऊब मी सतरा वर्षे पोटात सांभाळली आहे. सदतीस अंश. बाहेर उन्हाळा असो की थंडी, त्यात फरक करायची मला मुभा नव्हती. लोक मला इनक्युबेटर म्हणतात. आता मी म्हातारा झालो आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे आणि उजव्या अंगाला एक पोचा आहे. तो मला जिन्यातून वर चढवताना पडला.

इनक्युबेटर म्हटले की कुणाला अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले आठवतात, कुणाला दवाखान्यातली इवलीशी बाळे. माझे काम निराळे होते. माझ्या तांब्याच्या फळ्यांवर चपट्या बश्या आणि आडव्या बाटल्या असत. त्यांत गुलाबी द्रव असे आणि त्या द्रवाच्या तळाशी माणसांच्या शरीरातून काढलेल्या पेशी जगत, वाढत. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नसत. मला मात्र त्या असल्याचे कळे. भरलेले घर आणि रिकामे घर यांतला फरक भिंतींना कळतो ना, तसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला. तारा आल्या, पंखा आला, आतले काचेचे दार आले. सगळ्यांत शेवटी एका बाईने माझ्या बाहेरच्या दाराला कडेने रबरी पट्टी बसवली. अंगठ्याने पट्टी दाबत ती दाराभोवती दोनदा फिरली. मग दारात कागदाचा चिटोरा धरून तिने दार लावले आणि चिटोरा ओढून पाहिला. तो सहज निघून आला. तिने पट्टी काढली आणि पुन्हा बसवली. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला कागद फाटला, पण निघाला नाही. तेव्हा ती म्हणाली, "हं, आता जा कुठे जायचं तिथे." मी ऐकलेले हे पहिले बोलणे. माझ्या दारासाठी एवढा वेळ पुढे फारसा कुणी दिला नाही.

मला एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर आणले. खोली लांबट होती. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला सूक्ष्मदर्शक, कोपऱ्यात द्रवरूप नायट्रोजनची टाकी. त्या टाकीत इतके गार असते की तिथे ठेवलेली पेशी वर्षानुवर्षे जशीच्या तशी थिजून राहते. गारठ्याचे काम तिचे आणि उबेचे माझे, असा आमचा शेजार होता.

खोलीचे प्रमुख होते सर. उंच, जरासे वाकलेले. कुठल्याही कुपीवरची चिठ्ठी ते दोनदा मोठ्याने वाचत आणि मगच ती उचलत. साफसफाई पाहायला मावशी होत्या. इनक्युबेटर हा शब्द त्यांच्या तोंडी बसेना, म्हणून त्यांनी मला 'ऊबपेटी' करून टाकले. माझ्या तळाशी पाण्याचा एक पसरट ट्रे असतो. ते पाणी हवेत ओल धरते, नाहीतर बश्यांतला द्रव आटून पेशी मरतील. पण साचलेल्या पाण्यात बुरशीही धरते. म्हणून दर शनिवारी मावशी ट्रे काढत, घासत, स्पिरिटने पुसत आणि उकळून गार केलेले पाणी भरत. सरांनी कधी विचारलेच, तर म्हणत, "पेटीला पाणी पाजलं. तुमचं तुम्ही प्या."

तीन वर्षांनी त्या खोलीत एक तरुण संशोधिका आली. तिचे खरे नाव दारावरच्या पाटीवर होते, पण मी तिला मनात 'धाकटी' म्हणतो, कारण तिच्या थोरल्या बहिणीकडून मी तेच ऐकले. धाकटी माझे दार कोपराने उघडायची, बोटभर फटीतून मान तिरकी करून हवी ती बशी शोधायची आणि ऊब जास्त निसटायच्या आत दार लावायची. काम करताना ती मावशींशी बोलत असे. त्या बोलण्यातून मला तिची ताई कळली.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे धाकटीची वेणी घालण्यापासून पाढे म्हणवून घेण्यापर्यंत सगळे ताईने केले. ताई दुकानांच्या पाट्या रंगवायची. शिडीवर चढून, आखणी न करता, नुसत्या नजरेने सरळ ओळीत अक्षरे काढायची. गावातल्या निम्म्या दुकानांची नावे तिच्या हातची होती. चौतिसाव्या वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजले, मग मनगटे, मग गुडघे. शिडी सुटली. पुढे ब्रशही सुटला.

मित्रांनो, हा आजार कसा असतो ते मी तुम्हाला माझ्या परीने सांगतो. आपल्या पेशींच्या अंगावर बारीक कान असतात असे समजा. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीरात जंतू शिरले की त्यातले काही कान ती हाक ऐकतात आणि मग पेशी आरडाओरडा करून शरीराच्या पहारेकऱ्यांना बोलावतात. ताईच्या सांध्यांतल्या पेशींचा असा एक कान बिघडला होता. शत्रू नसतानाही त्याला हाक ऐकू येई, पहारेकरी धावून येत आणि तिचेच सांधे कुरतडत. यावर औषधे होती. पण ती सगळ्या शरीरातल्या सगळ्या पहारेकऱ्यांना पेंग आणत, आणि मग खरा जंतू आला तर अडवायला कुणी उरत नसे.

धाकटीला एवढेच हवे होते की तो एकच कान बंद व्हावा, आणि तोही फक्त सांध्यात.

तो कान कसा बनवायचा याची कृती पेशीच्या आत एका जनुकात लिहिलेली असते. ती कृती वाचली गेली नाही तर कान तयार होत नाही. पण पेशीच्या आत निरोप पोहोचवणार कोण? तिथे शिरण्यात विषाणूंचा हात कुणी धरत नाही. म्हणून धाकटी एक विषाणू घेई. त्यातला रोग पसरवणारा सगळा मजकूर आधीच काढून टाकलेला असे, त्यामुळे त्याची वाढ होत नसे. त्या पोकळ विषाणूत ती एक छोटा निरोप भरे: 'ही कृती वाचू नका.' काही बश्यांत ती खऱ्या निरोपाचा विषाणू घाली आणि काही बश्यांत निरर्थक मजकुराचा. दोन्हींत फरक पडला, तरच निरोपाने काम केले असे म्हणता येते. पेशींचा आरडाओरडा द्रवात उतरतो आणि तो मोजता येतो.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या दहा जणांनी आपापल्या सांध्याचे अस्तर या कामाला दिले होते. त्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती. दाता क्रमांक एक, दोन, तीन, असे दहापर्यंत. मग ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, आणि ताईने हट्ट धरला की आपले अस्तर बहिणीच्याच खोलीत गेले पाहिजे.

धाकटीने सरांना विचारले.

"नात्यातलं माणूस आलं की मोजणाऱ्याचा हात हलतो," ते म्हणाले.

"माझा नाही हलणार, सर."

"सगळ्यांचाच हलतो. माझाही हलला असता. आपण असं करू. संमती बाहेरचे डॉक्टर घेतील. बश्यांवर खुणा मी करीन. कुठल्या बशीत कुठला विषाणू आहे, ते मोजणी संपेपर्यंत तुला कळणार नाही. चालेल?"

"चालेल."

असा दाता क्रमांक अकरा माझ्या मधल्या फळीवर आला. त्या पेशींच्या काही कुप्या टाकीत थिजवून ठेवल्या आणि बाकीच्या माझ्यात वाढल्या.

तुम्हाला खरे सांगतो, पहिले काही दिवस मला त्या इतरांसारख्याच वाटल्या. वेगळी होती ती धाकटी. ती दिवसातून एकदा पाहायची, तिथे तीनदा पाहू लागली. फट मात्र बोटभरच ठेवायची. मोजणी झाली, सरांनी आपल्याजवळचा खुणांचा कागद उघडला आणि दोघे शेजारी बसून आकडे लावू लागले. खरा निरोप गेलेल्या बश्यांत आरडाओरडा एक तृतीयांशावर आला होता. अकरा दात्यांत सगळ्यांत जास्त ओरडणाऱ्या पेशीही अकरा नंबरच्या आणि सगळ्यांत जास्त शांत झालेल्याही त्याच.

"ताईच ती," धाकटी म्हणाली. "मधलं काही तिला जमतच नाही."

सर हसले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना क्वचितच पाहिले.

दोन महिन्यांनी ताई खोली पाहायला आली. नव्या गुडघ्याने, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने धाकटीचा खांदा धरून. तिला पांढरा अंगरखा घातला, हातमोजे मात्र बोटांत शिरेनात, म्हणून तिने हात मागे बांधून ठेवायचे ठरले. धाकटीने माझ्यातली एक बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ताई वाकली.

"ह्या माझ्या?"

"तुझ्याच."

"इथे बऱ्या गपगुमान बसल्यात. माझ्याकडे होत्या तेव्हा नुसता धिंगाणा घालत होत्या." ती पुन्हा वाकली. पेशी लांबट होत्या, एकमेकींना लागून एकाच दिशेने वळलेल्या. "अगं, हे तर ब्रशचे फटकारे आहेत. कोणीतरी डावीकडून उजवीकडे रंग ओढत गेलंय. खातात काय या?"

"ते गुलाबी पाणी. दर तीन दिवसांनी बदलतो."

"आणि ही पेटी रात्रंदिवस गरम? बरंय. माझ्यापेक्षा लाड चाललेत."

मग तिला माझ्या दारावर काहीतरी लिहायचे होते. मावशींनी मार्कर आणून दिला. ताईने तो मुठीत धरला आणि माझ्या कपाळावर 'हळू उघडा' असे लिहिले. अक्षरे खालीवर झाली. 'घ' तिरका गेला. ज्या हाताने गावभर सरळ ओळी काढल्या, त्या हाताकडे ती पाहत राहिली. "पूस ते," ती म्हणाली. धाकटीने पुसले नाही. पण मला आठवड्याला स्पिरिटने पुसत, त्यामुळे दोनेक महिन्यांत अक्षरे आपोआप विरत गेली.

त्याच सुमारास मावशी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी दुसरे कुणी नेमले गेले नाही. शनिवारच्या कामाची पाळी लावली गेली आणि तिचा कागद भिंतीवर चिकटवला गेला. एक शनिवार धाकटीचा, एक सरांचा. माझ्या दाराची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात सैल होऊ लागली होती. मावशींचा हात दर शनिवारी तिथून फिरायचा, त्यांना ते कळले असते. इतर कुणाच्या लक्षात आले नाही आणि मला सांगता येत नव्हते.

थंडीच्या दिवसांत ताईच्या छातीत संसर्ग झाला. साधा, इतरांना आठवड्यात बरा होणारा. तिचे पहारेकरी मात्र औषधांनी पेंगलेले होते. धाकटी दवाखान्यात गेली ती तेरा दिवस परत आली नाही. पहिला शनिवार तिचा होता. ती ताईच्या उशाशी होती. दुसरा शनिवार सरांचा होता. ते दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकटीसाठी बसले होते. मधल्या दिवसांत सर धावतपळत येत, बश्यांतला द्रव बदलत आणि जात. खाली ट्रेकडे पाहण्याइतके भान त्यांना नव्हते. मित्रांनो, यात मी कुणाला दोष देऊ? कुणी आळस केला नाही. तरी पाणी तसेच राहिले.

बुरशी त्या सैल कोपऱ्यातून आत आली. आधी पाण्यावर, मग फळीच्या कडेला, मग पहिल्या बशीत. आणि मी काय केले? मी तिलाही सदतीस अंश दिले. मला दुसरे काही येतच नव्हते. अकरा नंबरच्या पेशींना जी ऊब देत होतो, तीच ऊब मी त्यांना खाणाऱ्याला दिली. माझ्या आयुष्यातली ही गोष्ट मला अजून सलते.

ताई गेली. चौदाव्या दिवशी सकाळी धाकटी कामावर आली. तिने कोपराने माझे दार उघडले आणि तिथेच थबकली. ओलसर, कुबट वास तिच्या तोंडावर आला असणार. तिने एक एक बशी बाहेर काढून ओट्यावर मांडली. गुलाबी द्रवावर राखाडी कापूस पसरला होता. सर मागे येऊन उभे राहिले.

"प्रयोगाच्या दुसऱ्या खेपेसाठी अकराच्या सगळ्या कुप्या बाहेर काढल्या होत्या का?" त्यांनी हळूच विचारले.

"एक आहे. एकच राहिलीय टाकीत."

"हे तुझ्यामुळे झालं नाही."

"पहिला शनिवार माझा होता, सर."

त्यांनी बाही वर केली आणि तिच्याबरोबर बश्या रिकाम्या करायला उभे राहिले.

नंतर मला आतून धुतले, नवी पट्टी बसवली आणि जंतू मारण्यासाठी नव्वद अंशांवर तापवले. मग मला रिकामे ठेवले. ते आठवडे मी कसे काढले ते सांगता येत नाही. फळ्या चकचकीत, पाणी स्वच्छ, आकडा बरोबर सदतीस, आणि आत कुणी नाही. दार उघडल्याचा आवाज कधी येतो, कोपर कधी लागते, याकडे माझे सगळे ध्यान. यथावकाश दुसऱ्या दात्यांच्या पेशी आल्या. मी त्यांना मनापासून ऊब दिली. पण मधल्या फळीवर डावीकडची जागा रिकामी दिसली की मला त्या ब्रशच्या फटकाऱ्यांची आठवण येई.

झालेल्या कामावर धाकटीने लेख लिहून एका नियतकालिकाला पाठवला. काही महिन्यांनी लेख पारखणाऱ्या तपासनिसांचे उत्तर आले. त्यांची शंका रास्त होती. क्रमांक अकराचा निकाल इतरांपेक्षा इतका ठळक का? एकाच निरोपावर कसे विसंबायचे? तोच कान बंद करणारा दुसरा, वेगळ्या शब्दांतला निरोप करा, त्याच पेशींत घाला आणि दाखवा.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. सांध्यातून काढलेल्या अशा पेशी बशीत कायम वाढत नाहीत. ठरावीक वेळा दुप्पट झाल्या की थकतात, पसरट होतात आणि थांबतात. शेवटची कुपी बाहेर काढली की काही आठवड्यांत तिचा शेवट ठरलेला. टाकीत राहिली तर मात्र ती पुढची वीस वर्षेही तशीच राहील.

"अकरा वगळून लिहू," सर म्हणाले. "लेख थोडा लंगडा होईल. होऊ दे. मी तुला आग्रह करणार नाही."

धाकटीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळले नाही. पुढचे आठ दिवस ती सकाळी येऊन टाकीपाशी उभी राही, झाकणावर हात ठेवी आणि न उघडता परत ओट्याकडे जाई. एकदा तिने झाकण उघडले, धुक्यासारखी वाफ बाहेर आली, आणि तिने ते पुन्हा लावले.

नवव्या दिवशी मावशी आल्या. निवृत्तीच्या कसल्याशा कागदावर सरांची सही हवी होती. सही मिळाली तरी त्या गेल्या नाहीत. थेट माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारले, "पेटीला पाणी कोण पाजतंय?"

"मीच," धाकटी म्हणाली. "दर शनिवारी. आता एकही चुकवत नाही."

मावशींनी तरी ट्रे काढून पाहिलाच. नखाने कोपरा खरवडला आणि समाधानाने परत ठेवला. मग स्टुलावर बसल्या. धाकटीने त्यांना सगळे सांगितले: शंका, शेवटची कुपी, आठ दिवस.

"म्हणजे ती तिथे टाकीत आहे," मावशी म्हणाल्या.

"हो."

"किती गार असतं तिथे?"

"आपण कल्पना करू शकत नाही इतकं."

"आणि तिथे ती काही खाते? वाढते? हलते?"

"नाही. तिथे सगळं थांबलेलं असतं."

मावशी थोडा वेळ आपल्या पदराचे टोक चाळवत राहिल्या. "तुझी ताई इथे आली होती तेव्हा मी होते ना. एका जागी दोन मिनिटं बसवत नव्हतं तिला. मोजे शिरेनात तरी हात लावून पाहायचं होतं. अशा माणसाला तू बर्फात धरून ठेवणार? काढ तिला बाहेर. चार दिवस का होईना, उबेत राहू दे. काहीतरी करू दे."

धाकटी रडली. मावशींनी तिला रडू दिले, आणि मग दोघींनी मिळून माझ्या फळ्या पुन्हा पुसल्या. पुसायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने कुपी काढली. कोमट पाण्यात धरून ती हलवत राहिली. आत तांदळाएवढा बर्फ उरला तेव्हा तिने कुपी उघडली आणि गुलाबी द्रव थेंब थेंब घातला. सरांनी चिठ्ठी दोनदा मोठ्याने वाचली. बशी माझ्या मधल्या फळीवर डावीकडे आली.

पहिल्या दिवशी काही समजत नाही. जिवंत पेशी बशीच्या तळाला चिकटून बसतात, मेलेल्या तरंगतात. त्या दिवसापासून पुढची सकाळ होईपर्यंत मी एवढेच करू शकत होतो की आकडा हलू न देणे. मी तो दशांशानेही हलू दिला नाही. सकाळी धाकटी कोट न चढवताच आली, मग परत जाऊन कोट घालून आली. तिने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"अर्ध्या चिकटल्यात," ती म्हणाली.

"अर्ध्या पुरतील," सर म्हणाले.

पुरल्या. दुसऱ्या निरोपाचा विषाणू आला, निरर्थक मजकुराचाही आला, सरांनी खुणा केल्या आणि कागद आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. एकोणिसाव्या दिवशी मोजणी संपली. नव्या निरोपानेही त्या पेशी शांत झाल्या होत्या. पहिल्याइतक्या नव्हे, पण आरडाओरडा निम्म्याहून खाली आला होता. शंका फिटली. लेख छापून आला. त्यात एका तक्त्याच्या शेवटच्या ओळीत 'दाता ११' असे लिहिलेले आहे.

हे औषध झाले का, असे तुम्ही विचाराल. नाही झाले. हे बशीतले यश. बशीतून गुडघ्यापर्यंतची वाट फार लांब आहे आणि पुष्कळ कामे त्या वाटेत अडकून पडतात. पण त्या कामाचा आधार घेऊन आता आणखी काही खोल्यांत माणसे तो एक कान बंद करू पाहत आहेत. धाकटीने मला हे कधी थेट सांगितले नाही. ती फोनवर बोलायची ते मी ऐकले.

प्रयोग संपला तरी एक बाटली उरली होती. कुठलाही विषाणू न घातलेली, नुसती. तिची कशालाच गरज नव्हती. धाकटीने ती टाकली नाही. सोमवारी आणि गुरुवारी ती द्रव बदलायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि परत ठेवायची. सरांनी विचारले नाही. द्रवाच्या मागणीपत्रावर ते मुकाट्याने सही करत. पेशी सावकाश वाढल्या, मग आणखी सावकाश. लांबट होत्या त्या पसरट झाल्या. मग त्यांचे दुप्पट होणे थांबले. तरी त्या चिकटून होत्या, आणि मला त्या तिथे असल्याचे कळत होते. माझ्या सगळ्या आयुष्यातले ते सात आठवडे मला परत मिळावेत असे वाटते. काम काहीच नव्हते. नुसते कुणाला तरी उबेत ठेवायचे होते.

एका गुरुवारी बऱ्याच पेशी तळ सोडून तरंगताना दिसल्या. धाकटीने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग नियमाप्रमाणे तिने त्यात जंतुनाशक ओतले. गुलाबी रंग क्षणात उडाला. तिने वहीत तारीख घातली आणि लिहिले, 'क्रमांक अकरा. पेशी संपल्या.' त्यानंतर ती मावशींच्या घरी गेली असे मी ऐकले.

मित्रांनो, या सगळ्याला दहा वर्षे होत आली. सर निवृत्त झाले. खोलीची प्रमुख आता धाकटी आहे आणि तिच्या कानांवरचे केस पांढरे झाले आहेत. माझा पंखा घरघरतो, आकडा एखाद्या अंशाने चुकतो. अशा पेटीत कुणाच्या पेशी ठेवणे बरोबर नाही, हे मलाही पटते. काल माझ्या जागेसाठी नवा इनक्युबेटर आला. त्याला शनिवारच्या पाण्याची आठवण स्वतःच करून देता येते म्हणे. मला बरे वाटले.

तुमच्याही घरात, शाळेत असे काहीतरी असेल, जे न बोलता काहीतरी जपत उभे आहे. एखादे यंत्र असेल, एखादे माणूसही असेल. त्याच्याकडे कधीतरी वाकून पाहा. त्याच्या दाराची पट्टी सैल झाली आहे का, तळाचे पाणी बदलले आहे का. आज पाळी कुणाची, हे भिंतीवरच्या कागदात शोधत बसू नका. ज्याला दिसले त्याने पाणी भरावे, एवढेच माझे मागणे आहे.

आज दुपारी धाकटीने स्वतःच्या हाताने माझी वायर काढली. दारावरचे आकडे विझले. आत काचेचा एक साधा तापमापक असतो, त्यावर ती मधूनमधून नजर टाकते आहे. छत्तीस झाले, चौतीस झाले. आता एकतीस असावेत. मला गार व्हायची सवय नाही, पण भीती वाटत नाही. फक्त त्या डावीकडच्या जागेची फार आठवण येते आहे.

मघाशी दोन हमाल मला न्यायला आले. "मॅडम, उचलायचं ना?" त्यांतल्या एकाने विचारले.

धाकटीने माझ्या अंगावर तळवा टेकवला.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "अजून कोमट आहे." आणि स्टूल ओढून ती माझ्याजवळ बसली.